सौर पॅनेलची ओळीतील जागा आणि वीजनिर्मिती

एकाच क्षमतेची पॅनेल शेजारी शेजारी बसवली तरी ती सारखी वीज देतातच असे नाही. पॅनेल कितव्या ओळीत आहे, ओळीच्या टोकाला आहे की मध्ये, उभे आहे की आडवे (लांब बाजू वर-खाली की ओळीच्या दिशेने), यांवर त्याचे उत्पादन ठरते.

मुख्य अडचण सावलीची. दोन मीटर लांबीचे पॅनेल २० अंश कलते ठेवले, की त्याची वरची कड खालच्या कडेपेक्षा सुमारे ६८ सेंटिमीटर उंच येते. समोरचा सूर्य क्षितिजापासून २० अंशांवर असताना तिची सावली मागे जवळजवळ १.९ मीटर पसरते. उत्तर गोलार्धात २१ डिसेंबरच्या सुमारास सूर्य सर्वांत खालून जातो. म्हणून त्या दिवशी सकाळी ९ ते दुपारी ३ या वेळेत मागची ओळ मोकळी राहील, इतके अंतर सोडण्याचा प्रघात आहे. जागा महाग असेल तर मात्र हा नियम काटेकोर पाळण्यात फारसा शहाणपणा नाही. हिवाळी सकाळची थोडी वीज सोडून एक ओळ जास्त बसवणे बहुधा परवडते.

सावलीचे नुकसान तिच्या आकाराच्या प्रमाणात होत नाही, इथेच अनेकांचा हिशेब चुकतो. पॅनेलमधील सेल, म्हणजे वीज तयार करणारे छोटे चौकोन, एकसरीत (एकापुढे एक) जोडलेले असतात आणि एका झाकल्या सेलमुळे सगळ्या सरीचा प्रवाह अडतो. म्हणून नेहमीच्या पॅनेलचे तीन भाग पाडून प्रत्येकाला बायपास डायोड देतात; तो झाकलेला भाग वगळून प्रवाहाला पुढे वाट देतो. हे भाग पॅनेलच्या लांबीला समांतर असतात. त्यामुळे उभ्या पॅनेलच्या तळाशी सेलभर उंचीची सावली आली, तरी तिन्ही भाग एकदम बंद पडतात; आडव्या पॅनेलमध्ये तेवढ्याच सावलीने एकच भाग जातो. अर्धसेल पॅनेलमध्ये, म्हणजे सेल अर्धे कापून बसवलेल्या पॅनेलमध्ये, वरचा व खालचा अर्धा भाग समांतर जोडलेला असल्याने, ते उभे असले तरी वरचा अर्धा भाग चालू राहतो. एका स्ट्रिंगमधली (एकसरीत जोडलेल्या गटातली) पॅनेल एकाच ओळीत ठेवण्यामागचे कारणही हेच. सावलीतली व उन्हातली पॅनेल एकसरीत जोडली, तर एकाचा फटका दुसऱ्याला बसतो.

प्रत्यक्ष सावली नसतानाही मागच्या ओळींना आकाशाचा विखुरलेला प्रकाश थोडा कमी मिळतो, कारण पुढची ओळ आकाशाचा काही भाग झाकते. टोकाच्या पॅनेलना वारा जास्त लागतो, त्यामुळे ती मधल्यांपेक्षा थंड राहतात. सिलिकॉन पॅनेलची क्षमता दर अंश सेल्सिअसमागे साधारण ०.३ ते ०.४ टक्क्यांनी घटत असल्याने हा फरकही मोजण्याजोगा असतो. दुतर्फा, म्हणजे दोन्ही बाजूंनी प्रकाश घेणाऱ्या पॅनेलमध्ये टोकांना आणखी लाभ होतो, कारण मागच्या बाजूला जमिनीवरून परावर्तित होणारा प्रकाश तिथे जास्त पोहोचतो.