झाडाचा डोळा कधी उघडतो?

चंद्राला खळं पडलं की पाऊस जवळ आला, असं जुनी माणसं सांगतात. त्यात तथ्य आहे. हात लांब करून पंजा ताणावा, अंगठ्याचं टोक चंद्रावर धरावं, की करंगळी खळ्याच्या कड्याला जाऊन टेकते. हे अंतर साधारण २२ अंशांचं. उंचावरच्या विरळ ढगांतल्या षटकोनी हिमकणांतून जाताना प्रकाश साधारण तेवढा वळतो. असे ढग बरेचदा पावसाळी हवेच्या पुढे चालून येतात, म्हणून हा आडाखा पुष्कळदा जुळतो.

बागेतल्या आडाख्यांचं मात्र वेगळं आहे. ओकला अ‍ॅशच्या आधी पालवी फुटली तर उन्हाळा कोरडा, अ‍ॅशला आधी फुटली तर ओला, अशी इंग्लंडमधली जुनी म्हण. निरीक्षण अगदी बारीक, पण अनुमान चुकलेलं. ओक उबेला अ‍ॅशपेक्षा लवकर दाद देतो. त्यामुळे वसंत उबदार असला की तो पुढे निघतो. पुढच्या पावसाचं त्याला काहीच ठाऊक नसतं. होऊन गेलेल्या दिवसांचा हिशेब तेवढा त्याच्याकडे असतो.

तो हिशेब डोळ्यात, म्हणजे फांदीवरच्या मिटलेल्या कोंबात, असतो. पानगळीच्या झाडाचा एक फुगीर डोळा ब्लेडने उभा चिरून पाहा: खवल्यांच्या आत इवली पानं घड्या घालून तयार बसलेली दिसतात. मग अडतं कुठे? हिवाळा लागताच एखादी फांदी तोडून उबदार खोलीत पाण्यात ठेवली, तर डोळे बहुधा मिटलेलेच राहतात. त्याच झाडाची फांदी हिवाळा सरता सरता आणली, तर काही आठवड्यांत फुलते. आधी पुरेशी थंडी भोगून व्हावी लागते, मगच ऊब मोजली जाते. सफरचंदाच्या अनेक जातींना ७ अंश सेल्सियसखालचे ८०० ते १००० तास लागतात. म्हणूनच हिवाळा फार सौम्य गेला, तर काही झाडं लवकर फुलण्याऐवजी रेंगाळतात.

या खुणा चिकाटीने टिपणाऱ्यांबद्दल मला फार आदर वाटतो. नॉरफोकच्या रॉबर्ट मार्शम यांनी १७३६ मध्ये पहिलं फूल, पहिली पालवी, पहिली पाकोळी यांच्या तारखा लिहायला सुरुवात केली आणि त्यांच्या घराण्याने ते काम १९५८ पर्यंत नेलं. क्योटोतल्या चेरीच्या बहराच्या नोंदी तर थेट इ.स. ८१२ पर्यंत मागे जातात. २०२१ मध्ये तिथला बहर २६ मार्चलाच भरात आला. बाराशे वर्षांत तोवर तो इतक्या लवकर आल्याची नोंद नव्हती.