विहारातली डुलकी

आषाढ पौर्णिमेला वर्षावास, म्हणजे बौद्ध भिक्खूंचा पावसाळ्यातला एका जागचा मुक्काम, लागला की आमच्याकडे गावोगावच्या विहारांत संध्याकाळी ग्रंथवाचन सुरू होतं. वाचनानंतर थोडा वेळ आनापान. डोळे मिटून नाकाशी येणारा-जाणारा श्वास नुसता जाणायचा. पण हेच दिवस निंदणाचे. दिवसभर पऱ्हाटीत (कपाशीत) वाकून आलेल्या बायांची मान पाचव्या-सहाव्या श्वासालाच खाली जाते. उठताना एखादी ओशाळून म्हणते, "माह्यं तं ध्यानच नाही लागत बाप्पा, झोपच येते."

तिच्या श्रद्धेत काहीही उणं नाही. आपण जागे असतो तोवर मेंदूत अ‍ॅडेनोसिन नावाचा पदार्थ साठत जातो आणि जागं ठेवणाऱ्या पेशींचा जोर कमी करतो. (चहातलं कॅफिन याच अ‍ॅडेनोसिनची जागा अडवतं, म्हणून तरतरी येते.) बोलणं, हालचाल, उजेड यांनी दिवसभर झोप थोपवलेली असते. डोळे मिटून शांत बसलं की तो बांध सुटतो. मानेचे स्नायू सैल पडतात, आणि डुलकी लागते.

पालीत हिला थीनमिद्ध म्हणतात, पाच नीवरणांपैकी, म्हणजे ध्यानातल्या अडथळ्यांपैकी, एक. अंगुत्तर निकाय या पाली ग्रंथात एक प्रसंग आहे. मगधातल्या कल्लवाळपुत्त गावी महामोग्गल्लान बसल्या जागी पेंगत होते. ते तर बुद्धांच्या दोन अग्रश्रावकांपैकी, म्हणजे प्रमुख शिष्यांपैकी, एक! बुद्ध त्यांना रागावले नाहीत. त्यांनी एकामागून एक उपाय सांगितले. ऐकलेला धम्म आठवावा, मोठ्याने म्हणावा. कानाच्या पाळ्या ओढाव्यात, हातपाय चोळावेत. उठून डोळ्यांना पाणी लावावं, तारे पाहावेत. मनात उजेड धरावा. येरझारा घालाव्यात. तरीही झोप हटली नाही, तर उजव्या कुशीवर सरळ झोपावं आणि जाग येताच उठावं.

मला यातला क्रम फार आवडतो. चालताना तोल सांभाळावा लागतो, स्नायू-सांध्यांचे संदेश मेंदूकडे जात राहतात, त्यामुळे पेंग सहसा टिकत नाही. उजेडाचं म्हणाल तर डोळ्याच्या पडद्यातल्या काही खास पेशी मेंदूच्या घड्याळाला उजेड किती आहे ते कळवतात. त्या २००२ साली उमगल्या. मनातल्या उजेडाने त्या जाग्या होतात असं मी म्हणणार नाही, पण विहारातला दिवा मालवून बसू नये एवढं नक्की. आणि शेवटचा उपाय सर्वांत खरा, कारण अ‍ॅडेनोसिनचा साठा झोपेतच ओसरतो.

ध्यानाच्या शिबिरात दिवसचे दिवस बसणाऱ्या काहींचं उलट होतं. झोप उडते, भीती दाटते. जेरेड लिंडाल आणि विलोबी ब्रिटन या अमेरिकी संशोधकांनी २०१७ मध्ये साधकांचे असे अनुभव तपशिलात मांडले. अशा वेळी बसणं थांबवावं, आचार्यांना सांगावं, डॉक्टरही गाठावा. साधना पक्की होते आहे असं समजून दुखणं अंगावर काढू नये.

पावसाची उघडीप असली की आम्ही आता वाचनानंतर आधी अंगणात चालतो, टेकणारं प्रत्येक पाऊल जाणत. एक आजी मात्र थांबत नाहीत. घरी जाऊन झोपतात आणि पहाटे चूल पेटवायच्या आधी बसतात.