नॉर्वेतील विद्युत मोटारी

नॉर्वे हा नव्या मोटारींच्या बाजारातून पेट्रोल आणि डिझेल जवळपास हद्दपार करणारा जगातला पहिला देश. २०२४ मध्ये तेथे विकल्या गेलेल्या नव्या मोटारींपैकी ८८.९ टक्के केवळ बॅटरीवर चालणाऱ्या होत्या. जेमतेम ५५ लाख लोकवस्तीचा, कडाक्याच्या थंडीचा, डोंगर आणि खाड्यांनी चिरलेला हा देश खनिज तेल आणि वायूच्या निर्यातीवर श्रीमंत झालेला आहे. त्यामुळे हे घडले कसे, याचे कुतूहल जगभर आहे. ‘तिथे पैसा आहे’ हे उत्तर अपुरे ठरते, कारण सवलती आधी आल्या आणि घ्यावीशी वाटेल अशी गाडी तब्बल वीस वर्षांनी आली.

सुरुवात एका आंदोलनातून झाली. १९८९ मध्ये ‘बेलोना’ या पर्यावरण संघटनेचे फ्रेडरिक हाउगे आणि ‘आ-हा’ या पॉप बँडचे मॉर्टन हार्केट व माग्ने फुरुहोल्मेन यांनी विजेवर चालेल अशी बदललेली एक फियाट पांडा देशात आणली. ही गाडी धूर सोडत नाही, मग कर आणि टोल कशासाठी, असा त्यांचा सवाल होता. टोलनाक्यावर पैसे न भरताच ते पुढे जात. दंड साचला की गाडी जप्त होई, लिलावात निघे आणि त्यांच्याच बाजूचे कोणीतरी ती सोडवून आणी. मग पुन्हा टोलनाका. प्रसिद्ध गायक त्यात असल्याने प्रत्येक खेपेची बातमी होत असे.

या मागण्या एकेक करून मान्य झाल्या. १९९० मध्ये नोंदणी कर तात्पुरता माफ झाला आणि १९९६ मध्ये ती माफी कायम झाली. १९९७ मध्ये टोल गेला, तर १९९९ मध्ये ‘ईएल’ अक्षरांची वेगळी नंबरप्लेट आणि नगरपालिकेच्या जागांवर मोफत पार्किंग मिळाले. २००१ मध्ये मूल्यवर्धित करही उठला. बसच्या राखीव मार्गिकेतून जाण्याची मुभा आधी ओस्लोच्या परिसरात आणि मग २००५ पासून देशभर देण्यात आली. महाराष्ट्राच्या २०२५ च्या विद्युत वाहन धोरणात अटल सेतू, मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग आणि समृद्धी महामार्गावर टोलमाफी आहे. नॉर्वेने टोल माफ केला तेव्हा रस्त्यावर अशा गाड्या हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्याच होत्या.

यातली खरी मेख करांत आहे. नॉर्वेत साध्या मोटारीवर वजन आणि उत्सर्जनानुसार जबर नोंदणी कर बसतो, त्यावर मूल्यवर्धित कर वेगळा. दोन्ही उठताच मुळात महाग असलेली विद्युत मोटार पेट्रोल गाडीच्या किमतीला येऊन भिडली. ज्या देशात पेट्रोल गाडीवर मुळातच कर कमी आहे, तिथे अशी माफी इतका फरक पाडू शकत नाही. म्हणून हे धोरण जसेच्या तसे उचलून चालत नाही.

देशी गाडी बनवण्याचा प्रयत्नही झाला. पुढे ‘थिंक’ नावाने ओळखल्या गेलेल्या कंपनीच्या छोट्या गाड्यांना चाहते मिळाले. १९९९ मध्ये फोर्डने ही कंपनी घेतली, काही वर्षांत सोडली आणि २०११ मध्ये ती दिवाळखोरीत निघाली. बाजार उघडला तो परदेशी गाड्यांनी: २०११ मध्ये निसान लीफ आली, २०१३ मध्ये टेस्लाची मॉडेल एस. जमीन वीस वर्षे नांगरून तयार होती, बी तेव्हा पडले. २०२० मध्ये नव्या विक्रीत विद्युत मोटारींनी निम्म्याचा टप्पा ओलांडला. २०२५ पासून विकली जाणारी प्रत्येक नवी मोटार शून्य-उत्सर्जनाची असावी, असे लक्ष्य संसदेने २०१७ मध्येच ठरवले होते. मात्र पेट्रोल गाडीवर बंदी कधीच घातली नाही.

चार्जिंग बहुतेक वेळा घरीच, रात्री होते. नॉर्वेतील सुमारे नऊ-दशांश वीज जलविद्युत असल्याने मोटारीचा धूर दूरच्या कुठल्या वीजकेंद्राच्या चिमणीतून निघतो, हा आक्षेप येथे लागू होत नाही. फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांची अडचण मोठी होती. सामाईक इमारतीतील रहिवाशाला चार्जिंगची सोय मागण्याचा हक्क कायद्याने दिला गेला. आपल्याकडे सोसायटीच्या सभेत याच प्रश्नावर अडलेल्यांना त्याचे मोल वेगळे सांगायला नको. थंडीत बॅटरीची धाव बरीच घटते. ती नेमकी किती घटते, याची चाचणी ‘एनएएफ’ ही मोटारचालकांची संघटना दर हिवाळ्यात खऱ्या रस्त्यांवर घेते.

सवलतींची किंमतही मोजावी लागली. सरकारचा महसूल बुडाला, सुरुवातीचा लाभ सुस्थितीतील कुटुंबांच्या दुसऱ्या गाडीला अधिक मिळाला आणि ओस्लोजवळ बसमार्गिका इतक्या भरल्या की बसच अडकू लागल्या. तेव्हा तेथे गर्दीच्या वेळी किमान एक सहप्रवासी हवा, अशी अट आली. टोलही अंशतः परतला. २०२३ पासून पाच लाख क्रोनरच्या वरच्या किमतीवर मूल्यवर्धित कर बसू लागला आणि वजनानुसारही काही कर लागला. तरी विक्रीतला वाटा वाढतच गेला.

रस्त्यावरचे चित्र मात्र विक्रीच्या आकड्यांइतके झपाट्याने बदलत नाही, कारण विकत घेतलेली गाडी वर्षानुवर्षे धावत राहते. नोंदणीकृत मोटारींत विद्युत मोटारींनी पेट्रोल मोटारींना मागे टाकले ते सप्टेंबर २०२४ मध्ये, आणि तेही काहीशेच्या फरकाने. डिझेल मोटारी तेव्हाही दोघींपेक्षा जास्त होत्या.