उठावदार आयकॉन बॅटरी खातात का?
‘सावलीवाले, उठावदार आयकॉन बॅटरी खातात, सपाट थीम लावा’ हा मेसेज नागपुरात बर्डीवरच्या मोबाइल दुकानांपासून घरच्या ग्रुपपर्यंत फिरतो. शंका रास्त आहे. पण आयकॉनवरची सावली बहुधा आधीच रंगवलेल्या चित्राचा भाग असते. फोन ती दर वेळी मोजत बसत नाही. १९९० च्या विंडोज ३.० मध्येही उठावदार बटणं होती, तीही एखाद-दोन एमबी मेमरीच्या संगणकांवर! (हलते थ्रीडी वॉलपेपर मात्र थोडी बॅटरी घेतात.)

मोठा खर्च स्क्रीनच्या उजेडाचा. नागपूरच्या मे महिन्यात, उन्हात ब्राइटनेस पूर्ण केला की बघायलाच नको. ओएलईडी स्क्रीनवर (जिचा प्रत्येक ठिपका स्वतःच उजळतो) काळी पार्श्वभूमी वीज वाचवते, आयकॉन सपाट असो वा फुगीर.

तपासायचंय? ब्राइटनेस आणि वॉलपेपर तोच ठेवून दोन्ही थीम सारखाच वेळ वापरा आणि सेटिंगमध्ये स्क्रीनचा बॅटरी-वापर बघा.