शेजारच्यांनी केलं का?

अमेरिकेत, कॅलिफोर्नियातल्या सॅन मार्कोस या गावी एका उन्हाळ्यात संशोधकांनी घराघराच्या दाराला एकेक कागद अडकवला. सांगणं साधंच होतं: एसीऐवजी पंखा लावा. कारणं मात्र निरनिराळी. कुणाला लिहिलं, पैसे वाचतील. कुणाला पर्यावरणाचं, कुणाला पुढच्या पिढ्यांचं. आणि काही घरांना एवढंच, की तुमच्या गावातले ७७ टक्के लोक बहुतेक वेळा पंखाच लावतात.

नंतर मीटर वाचले, तेव्हा सगळ्यांत कमी वीज या शेवटच्या घरांनी वापरली होती. गंमत अशी, की मजकुराचा किती परिणाम झाला असं विचारल्यावर हेच लोक म्हणाले, फारसा नाही! मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट चाल्डिनी आणि सहकाऱ्यांचा हा अभ्यास २००८ साली प्रसिद्ध झाला. ‘लोक काय म्हणतील’ ही धास्ती आपल्या चांगल्या ओळखीची आहे, पण इथे कुणी काही म्हणणारच नव्हतं. शेजारी काय करतात एवढं कळणं पुरेसं झालं.

याची उलटी बाजूही त्याच गावात दिसली. २९० घरांना त्यांचा वापर आणि शेजाऱ्यांची सरासरी कळवली. जास्त वापरणाऱ्यांनी हात आखडला, पण काटकसरीने राहणारे सैलावले आणि सरासरीकडे सरकले. या काटकसरी घरांपैकी काहींच्या चिठ्ठीवर मात्र आकड्याशेजारी हाताने एक हसरा चेहराही काढला होता. तेवढ्या शाबासकीने त्यांचा वापर वाढला नाही.

पंखा लावायला खर्च नाही. घरावर पैसा घालायचा, तर शेजाऱ्याचं काम डोळ्यांना दिसावं लागतं. छपरावरचं सोलर रस्त्यावरून दिसतं, आणि अमेरिकेतल्याच कनेटिकट राज्यात ते खरोखरच जवळच्या घरांवरून पुढे पसरत गेलेलं आढळलं. तिथल्या ५८ गावांत एका योजनेचे स्वयंसेवक सोलरचा प्रचार करत होते. ज्यांनी त्याच योजनेतून आधी स्वतःच्या घरी सोलर बसवलं होतं, त्यांनी इतरांपेक्षा सुमारे ६३ टक्के जास्त घरं जोडली.

पण माळ्यावर अंथरलेला उष्णतारोधक थर कुणाला दिसणार? दाराखालची बुजवलेली फट कोण बघणार? थंड प्रदेशात इंधन वाचवायला ही कामं फार मोलाची, आणि नेमकी तीच भिंतीआड राहतात. माझ्या मते अशा कामांना अनुदान देणाऱ्या योजनांनी अनुदानाच्या जाहिरातीइतकीच मेहनत ही कामं दाखवण्यावर घ्यावी. ज्याने करून घेतलं, त्याच्या घरी चार शेजाऱ्यांना बोलवावं, माळा उघडून दाखवावा, बिलं पुढे ठेवावीत.

न दिसणारं शब्दांतूनही दाखवता येतं. १९८० च्या दशकात कॅलिफोर्नियात, घरात ऊर्जा कुठे वाया जाते हे तपासणाऱ्यांना बोलण्याचं खास प्रशिक्षण दिलं गेलं. ते घरमालकाला दाराशी नेऊन सांगत: या सगळ्या दारांच्या फटी एकत्र केल्या, तर बास्केटबॉलएवढं भोक होईल. दिवाणखान्याच्या भिंतीला एवढं भोक पडलं असतं, तर तुम्ही ते बुजवलं नसतं का? असं ऐकलेल्या घरांपैकी, इतर घरांच्या तुलनेत, कितीतरी जास्त जणांनी पुढे काम करून घेतलं.