सर्व्हिस मोटार (पुणे)

ठरावीक रस्त्यावर, प्रत्येक उतारूकडून वेगळे भाडे घेऊन चालणारी खाजगी प्रवासी मोटार. पुणे आणि आसपासच्या तालुक्यांत १९२० च्या दशकापासून एस.टी. येईपर्यंत दूरचा प्रवास घडला तो बराचसा या मोटारींतून. आपल्याकडे रस्तावाहतुकीचा इतिहास १९४८ पासून सांगायची सवय पडली आहे. त्यामुळे त्याआधीच्या या छोट्या मालकांवर अन्याय होतो.

पुण्याला रेल्वे १८५८ मध्ये आली, पण जुन्नर, भोर, मुळशी या भागांना तिचा उपयोग नव्हता. सासवडला जायचे तर दिवे घाट चढावा लागे. नगरला रेल्वेने जाणाऱ्याला दौंडचा वळसा पडे. सडकेने तेच अंतर सरळ, सुमारे १२० किलोमीटर. ही उणीव मोटारवाल्यांनी हेरली. परदेशी बनावटीची चासी, म्हणजे इंजिन आणि चाकांसह नुसता सांगाडा, घ्यायची, त्यावर सुताराकडून लाकडी बॉडी बांधून घ्यायची, की धंदा सुरू. कित्येक ठिकाणी मालकच ड्रायव्हर असे. सोबत एक क्लीनर. हँडल मारण्यापासून टपावरचे गाठोडे उतरवण्यापर्यंत सगळी कामे त्याच्याकडे. वेळापत्रक बहुधा नावापुरते. गाडी भरली की सुटे. एकाच रस्त्यावर दोघे मालक आले की भाडे पाडापाडी सुरू होई, आणि स्पर्धक हटला की तेच भाडे पुन्हा चढे.

सरकारने यात लक्ष घातले, पण उतारूंच्या हालांपेक्षा रेल्वेच्या घटत्या उत्पन्नाची चिंता त्यामागे अधिक होती. १९३३ च्या मिचेल-कर्कनेस अहवालाचा मुख्य विषय रेल्वे आणि रस्ता यांतली स्पर्धा हाच होता. पुढे १९३९ चा मोटार वाहन कायदा आला. परमिट, ठरलेला मार्ग, ठरलेले भाडे, ठरलेले थांबे या गोष्टी बंधनकारक झाल्या. एकेकट्या मालकांना त्या त्या मार्गावर एकत्र येऊन संघ करायला सांगण्यात आले. वेळेवर सुटणारी गाडी, तिकीट देणारा कंडक्टर, नेमका थांबा ही शिस्त एस.टी.च्या आधीच रुजू लागली होती, हे विसरता कामा नये.

इतक्यात महायुद्ध आले आणि पेट्रोलवर रेशन बसले. मग गाड्या कोळशावर चालू लागल्या. बॉडीला लावलेल्या उभ्या टाकीत लोणारी कोळसा पेटवायचा, हाताने पंखा फिरवून आच वाढवायची आणि तयार झालेला गॅस इंजिनाला पुरवायचा. गाडी सुटण्याच्या बऱ्याच आधी हा उद्योग सुरू करावा लागे. गॅसवर इंजिनाचा जोर कमी पडे, त्यामुळे भरलेली गाडी घाटात चढवणे जिकिरीचे होते. सुटे भाग मिळत नव्हते. अशा काळात ज्यांनी गाड्या चालू ठेवल्या, त्यांच्या कसबाची नोंद फार थोडी झाली.

स्वातंत्र्यानंतर मुंबई राज्याने ही वाहतूक स्वतःकडे घेण्याचे ठरवले. १ जून १९४८ रोजी निळ्या-चंदेरी रंगाची बेडफर्ड गाडी पुण्याहून अहमदनगरला निघाली आणि राज्य परिवहनाची सुरुवात झाली. १९५० मध्ये मार्ग परिवहन महामंडळ कायदा झाला. सरकारला एखादा धंदा पूर्णपणे आपल्या हाती घेता येतो का, हा वाद न्यायालयांत गेला. १९५१ च्या पहिल्या घटनादुरुस्तीने तशी वाट मोकळी केली. टप्प्याटप्प्याने मार्ग सरकारकडे गेले आणि परमिटावर उभा असलेला छोटा मालक धंद्यातून बाहेर पडला. ज्या गावाचा रस्ता तोट्याचा, तिथेही गाडी जावी ही राष्ट्रीयीकरणामागची भूमिका योग्यच होती. खाजगी मालकाला ते परवडलेच नसते.

पुणे शहरात सिल्व्हर ज्युबिली मोटर्स ही खाजगी कंपनी बस चालवत असे. १९५० मध्ये महानगरपालिका स्थापन झाल्यावर ही सेवा पालिकेकडे आली आणि पुणे म्युनिसिपल ट्रान्सपोर्ट, म्हणजे पीएमटी, सुरू झाली. २००७ मध्ये पीएमटी आणि पिंपरी-चिंचवडची पीसीएमटी एकत्र होऊन पीएमपीएमएल झाली.

आज संगमवाडी किंवा पद्मावतीहून रात्री सुटणाऱ्या ‘ट्रॅव्हल्स’ना सर्व्हिस मोटारींचे वारस म्हणतात, ते पुरते खरे नाही. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यानुसार त्यांना मिळते ते कंत्राटी वाहतुकीचे परमिट. वाटेत जागोजागी उतारू चढवण्या-उतरवण्याची मुभा त्यात नाही. सर्व्हिस मोटारीचा सारा धंदा तर वाटेतल्या गावांवरच चाले.