सिरोसिसमधील यकृत कर्करोग : शस्त्रक्रियेनंतरचे आयुर्मान

सिरोसिस झालेल्या, म्हणजे व्रण पडून कठीण झालेल्या, यकृतातून कर्करोगाची गाठ काढल्यावर रुग्ण किती वर्षे जगेल, हे केवळ गाठीवरून सांगता येत नाही. गाठ गेली तरी उरलेले यकृत आजारीच असते, आणि पुढचा धोका बहुधा तिथूनच उद्भवतो. यकृताच्या प्राथमिक कर्करोगांत सर्वाधिक आढळणारा हेपॅटोसेल्युलर कार्सिनोमा बहुतांशी सिरोसिसच्याच जमिनीत उगवतो.

निरोगी यकृताचा जवळपास तीन-चतुर्थांश भाग काढला तरी उरलेला वाढून काम सांभाळतो. सिरोसिसमध्ये ही वाढ तोकडी पडते, म्हणून साधारण ४० टक्के यकृत मागे राहील याची काळजी घेतली जाते. तेवढे राहणार नसेल, तर आतड्यांकडून यकृताला रक्त आणणाऱ्या पोर्टल शिरेची गाठीच्या बाजूची शाखा आधीच बंद करून दुसऱ्या बाजूला काही आठवडे वाढू देतात. रुग्णाची निवड त्याहून महत्त्वाची. रक्तातले बिलिरुबिन (पित्तातले रंगद्रव्य) आणि अल्ब्युमिन (यकृतात बनणारे प्रथिन), रक्त गोठण्याची क्षमता, जलोदर (पोटात पाणी साचणे) आणि यकृतदोषामुळे आलेला मेंदूचा गोंधळ या पाच गोष्टींवरून यकृत किती काम करते हे सांगणारा चाइल्ड-प्यू वर्ग ठरतो. शस्त्रक्रिया मुख्यतः ‘अ’ वर्गातल्यांवर, म्हणजे यकृताचे काम सर्वांत चांगले टिकलेल्यांवर, करतात. तरीही हा वर्ग पुरता भरवशाचा नाही. ‘अ’ वर्गातही पोर्टल शिरेतला दाब वाढलेला असू शकतो. अन्ननलिकेतल्या फुगलेल्या शिरा, वाढलेली प्लीहा, घटलेल्या प्लेटलेट ही त्याची चिन्हे. अशा रुग्णांत शस्त्रक्रियेनंतर जलोदर आणि यकृत निकामी होण्याचा धोका अधिक.

नीट निवडलेल्या रुग्णांपैकी निम्म्याहून अधिक जण पाच वर्षांनंतरही हयात असतात. मात्र तेवढ्याच काळात सुमारे ७० टक्के जणांत कर्करोग पुन्हा दिसतो. ‘जगणे’ आणि ‘बरे होणे’ यांत गल्लत होते ती इथेच. पहिल्या दोन वर्षांत परतणारा कर्करोग सहसा जुन्याच गाठीच्या पेशींचा असतो. सूक्ष्म रक्तवाहिन्यांत शिरकाव झालेला असल्यास त्याची शक्यता वाढते. नंतर दिसणारी गाठ बऱ्याचदा अगदी नवी असते. म्हणून हिपॅटायटिस बी किंवा सीवरचे औषधोपचार, मद्य पूर्ण बंद करणे आणि ठरावीक काळाने स्कॅन हा शस्त्रक्रियेइतकाच उपचाराचा भाग ठरतो.

प्रत्यारोपणात गाठ आणि सिरोसिस दोन्ही एकदमच जातात. १९९६ मध्ये इटलीतील मिलान येथून प्रसिद्ध झालेल्या निकषांनी त्याला शिस्त लावली : ५ सेंटीमीटरपर्यंतची एकच गाठ, किंवा प्रत्येकी ३ सेंटीमीटरपर्यंतच्या जास्तीत जास्त तीन, रक्तवाहिन्यांत शिरकाव नाही, यकृताबाहेर प्रसार नाही. त्या रुग्णांत चार वर्षांनंतर ७५ टक्के हयात होते. पण दात्यांचा तुटवडा असल्याने काही ठिकाणी आधी गाठच काढतात आणि ती परतली तरच प्रत्यारोपणाकडे वळतात.